परीक्षा, पोट आणि पंधरा बाटल्या

बारावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मंगरूळपीर तालुक्यातल्या घराघरांत साधारण एकच बोलणं चालतं. ‘मा, मले भूकच नाई. पोटात कसंतरीच होऊन राह्यलं.’ ‘दोन घास तरी खाय बापू, उपाशी पोटी काई सुचत नाई.’ पोरगं दोन घास खातं, बाकीचं ताटात ठेवतं, पुन्हा एकदा संडासला जाऊन येतं, आणि तळहातावरची दही-साखर चाटत चाटत चपला घालतं. खेड्यावरचं असेल तर त्याला एसटी गाठायची असते. एसटी वेळेवर आली नाही, तर त्याच्या पोटाची अवस्था फलाटावरच्या कुणालाही चेहऱ्यावरून वाचता येते.

त्या दह्याचा आणि पेपरचा काही संबंध आहे का? त्या सकाळच्या चमचाभर दह्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती दही-साखर आईच्या समाधानासाठी असते आणि तेवढ्यापुरती ती योग्यच आहे. पण आतड्यातले जीवाणू, मेंदू आणि ताण यांचं नातं हा गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत गाजलेला विषय आहे. त्यातले काही चांगले प्रयोग झाले तेही परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवरच. कारण उघड आहे. ताण ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी, शेकडो निरोगी तरुणांना एकदम येतो, अशी सोय संशोधकाला दुसरीकडे कुठे मिळणार?

मंगरूळपीर हे दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचं आणि बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानाचं गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्यातला हा एक तालुका. केंद्र सरकारने २०१८ मध्ये विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ म्हणून निवडलं, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर वाशीमचं नाव आलं. गावाला रेल्वे नाही. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला, डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाड्या सुसाट पळतात, पण तालुक्यातल्या पोरांचा प्रवास अजून बहुतेक एसटीनेच होतो. शेतीवर घर चालणाऱ्या इथल्या पोराला परीक्षा म्हणजे बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता वाटतो. असा एकच रस्ता दिसत असला की पोटात गोळा येणं साहजिक आहे.

तो गोळा येतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे.

भीतीची चाहूल लागली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो. ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं. तिचा निरोप रक्तातून मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि तिथून कॉर्टिसॉल वाहू लागतं. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं, शरीराला सज्ज ठेवतं. ते अजिबात नसेल तर माणूस सकाळी अंथरुणातून उठणार नाही. खरं तर पहाटेच ते सगळ्यात जास्त असतं. अडचण होते ती ते वाढून राहिलं, दिवसेंदिवस उतरलंच नाही, की. मग झोप उडते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, सर्दी-खोकला चिकटून बसतो.

हायपोथॅलॅमसमधून निघालेलं ते पहिलं संप्रेरक आतड्यांवरही काम करतं. जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणजे वरून घास जात नाही आणि खालून सारखी घाई लागते. परीक्षेच्या सकाळी संडासाबाहेर बहीणभावंडांची भांडणं लागतात त्यामागचं शरीरशास्त्र हे असं आहे. पोरगं नखरे करत नसतं. त्याला जबरदस्तीने तिसरी पोळी खायला लावणं हा प्रेमाचा भाग असला, तरी जठराच्या दृष्टीने तो जुलूमच असतो.

निरोप उलट दिशेनेही जातात. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत पसरलेली व्हेगस नावाची लांब नस आहे. तिच्यातले बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. मज्जातंतूंत निरोप्याचं काम करणारं सेरोटोनिन नावाचं रसायन शरीरात जेवढं असतं, त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक आतड्यांत तयार होतं. ते थेट मेंदूत शिरत नाही, तरी आतड्यांतल्या मज्जातंतूंना ते सतत काही ना काही सांगत असतं. आणि या सगळ्या कारभाराच्या शेजारी, मोठ्या आतड्यात, लाखो कोटी जीवाणूंची वस्ती आहे.

या वस्तीचा मनाशी संबंध असेल असा संशय जुनाच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे इल्या मेच्निकॉफ यांना १९०८ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण लोकांच्या तोंडी त्यांचं नाव गेलं ते बल्गेरियातल्या दही खाणाऱ्या दीर्घायुषी शेतकऱ्यांबद्दलच्या त्यांच्या सिद्धान्तामुळे. मग युरोपात आंबट दुधाची लाटच आली. १९१० मध्ये लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातले डॉक्टर जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी विषण्णतेच्या अठरा रुग्णांना लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू देऊन पाहिले. अकरा जण पूर्ण बरे झाले, असं त्यांनी लिहून ठेवलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे आज त्या आकड्याला वैद्यकात किंमत नाही. पण माणसाला कल्पना सुचली होती, एवढं त्यातून कळतं. पुढे मनोविश्लेषण आलं, मग औषधाच्या गोळ्या आल्या, आणि पोट मागे पडलं.

ते पुन्हा पुढे आलं जपानमधून. २००४ मध्ये क्युशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून एकही जीवाणू अंगात नसलेले उंदीर घेतले. या उंदरांना जरा कोंडून ठेवलं की त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त उसळायची. त्यांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम जातीचा एक जीवाणू सोडला तर उसळी कमी व्हायची. यातही मेख होती: लहानपणीच जीवाणू मिळाले तरच ताणाची यंत्रणा ताळ्यावर यायची, वय वाढल्यावर दिलेल्यांचा पुरेसा उपयोग होत नसे. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या जॉन क्रायन यांच्या गटाने याला दुसरा धागा जोडला. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक वाण दिलेले उंदीर कमी घाबरत आणि त्यांचं ताणाचं संप्रेरकही कमी वाढे. पण त्यांची व्हेगस कापली की हा सगळा परिणाम नाहीसा. बातमी कुठल्या वाटेने जाते ते त्यातून दिसलं.

वर्तमानपत्रांना एवढं पुरलं. ‘दही खा, आनंदी राहा’ असे मथळे तेव्हापासून थांबलेले नाहीत. याच गटाने पुढे तोच ऱ्हॅम्नोससचा वाण निरोगी तरुण पुरुषांना देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये निकाल छापला. कॉर्टिसॉलवर, चिंतेवर, स्मरणशक्तीवर काहीही परिणाम नाही. आपलाच गाजलेला शोध माणसांवर फोल ठरल्याचं उघडपणे छापणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर वाटतो. त्या निकालाचा मथळा मात्र आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत काही झळकला नाही.

आता विद्यार्थी. जपानच्या तोकुशिमा विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग या विषयात सगळ्यात जास्त उद्धृत होतो. तिथल्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात पाऊल ठेवण्याआधी देशपातळीवरची एक परीक्षा द्यावी लागते, ती उतरली नाही तर गाडी पुढे सरकत नाही. परीक्षेआधीचे आठ आठवडे, अगदी आदल्या दिवसापर्यंत, तेवीस जणांना लॅक्टोबॅसिलस केसाई शिरोटा या वाणाने आंबवलेलं दूध रोज प्यायला दिलं आणि चोवीस जणांना चवीला-रंगाला तसंच पण जीवाणू नसलेलं. कुणाला काय मिळतंय हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. लाळ, रक्त, विष्ठा यांचे नमुने घेतले, रोजच्या दुखण्यांची डायरी लिहून घेतली. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

परीक्षा जवळ आली तशी साध्या दुधाच्या गटात लाळेतलं कॉर्टिसॉल स्पष्ट चढलं. आंबवलेल्या दुधाच्या गटात ते तसं चढलं नाही. पोटाच्या तक्रारी या गटात कमी होत्या, सर्दीची लक्षणंही कमी दिवस राहिली. आतड्यातल्या जीवाणूंच्या जातींची विविधता या गटात टिकून राहिली. ‘तुम्हाला किती ताण वाटतो, या पट्टीवर खूण करा’ असं सांगितल्यावर केलेली खूणही तुलनेने खाली राहिली.

पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मोजलेली चिंता वाढलीच होती, हे त्याच निबंधांत नोंदलेलं आहे. शरीराची धावपळ जरा कमी झाली, भीती जागच्या जागी राहिली. आणि गुण वाढले असा दावा त्या निष्कर्षांत कुठेही नाही. दुकानात बाटली विकताना गाळल्या जातात त्या या दोन गोष्टी.

तिसरी गाळली जाते ती मात्रा. प्रयोगातल्या दुधाच्या शंभर मिलिलिटरमध्ये किमान दहा हजार कोटी जिवंत जीवाणू होते. आपल्याकडे याच शिरोटा वाणाची याकुल्टची छोटी बाटली मिळते ती ६५ मिलिलिटरची, आणि तिच्यात साडेसहाशे कोटी जीवाणू असतात. म्हणजे तोकुशिमाच्या विद्यार्थ्याएवढे जीवाणू पोटात घालायचे तर रोज पंधरा बाटल्या. एका बाटलीत साधारण दहा ग्रॅम साखर असते. पंधरांची दीडशे ग्रॅम झाली. आठ आठवडे रोज दीडशे ग्रॅम साखर रिचवून पेपरला जाणाऱ्या पोराचं काय होईल, याला प्रयोगाची गरज नाही.

प्रयोगात याकुल्ट कंपनीची मध्यवर्ती संशोधन संस्था सहभागी होती, हेही नोंदवून ठेवू. यात गैर काही नाही, निबंधात ते लिहिलेलंच असतं. मिनोरु शिरोटा यांनी क्योटोमध्ये हा वाण १९३० मध्ये वेगळा केला, १९३५ पासून त्याचं पेय विकलं जातंय. कंपनी आपल्या मालावर संशोधन करणारच. २०१९ मध्ये कंपनीने जपानात याकुल्ट १००० आणलं, त्यात प्रयोगातल्याएवढेच शंभर मिलिलिटरला दहा हजार कोटी जीवाणू, आणि लेबलवर ताण कमी होण्याचा व झोप सुधारण्याचा दावा. २०२२ मध्ये जपानी दुकानांत ते मिळेनासं झालं, इतकी झुंबड उडाली. आपल्या बाजारातल्या छोट्या बाटलीने मात्र त्या मोठ्या भावाच्या कीर्तीवर जगू नये.

बाकीच्या चाचण्यांचं चित्र संमिश्र आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांवर, परीक्षांच्या काळातच, तीन वेगवेगळ्या वाणांची चाचणी झाली. २०१५ मध्ये आलेल्या निकालात बायफिडोबॅक्टेरियम बायफिडमचा एकच वाण विद्यार्थ्यांना सर्दी-पडशापासून वाचवण्यात उजवा ठरला, उरलेल्यांचा तसा प्रभाव दिसला नाही. भारतातही हे काम झालं आहे. हैदराबादच्या एका कंपनीने बनवलेलं सहा वाणांचं मिश्रण परीक्षा तोंडावर आलेल्या ऐंशी विद्यार्थ्यांत २८ दिवस तपासलं गेलं आणि २०२१ मध्ये त्याचा निबंध आला. ताणाच्या प्रश्नावल्यांतले गुण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल दोन्ही उतरल्याचं त्यात म्हटलं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी निरोगी माणसांवरच्या अशा चाचण्या एकत्र करून केलेला एक आढावा आला होता. त्याचं म्हणणं नेमकं वेगळं: ताण वाटण्यात थोडी घट होते, कॉर्टिसॉलमध्ये लक्षणीय फरक पडत नाही. एकाच विषयात एक जण म्हणतो शरीर शांत झालं आणि मन नाही, दुसरा म्हणतो मन शांत झालं आणि शरीर नाही. ज्याला यातून ठाम सल्ला हवा आहे, त्याला ठाम सल्ला देणारे विक्रेते भरपूर मिळतील.

मग घरचं दही? हा प्रश्न इथे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर देताना बहुतेक आहारतज्ज्ञ जरा जास्तच उत्साहात येतात.

दही कसं लागतं ते जवळून पाहू. तापवून कोमट केलेल्या दुधात करंगळी बुडवायची, चटका बसता कामा नये आणि गारही लागता कामा नये. हे तापमान चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास पडतं. चमचाभर विरजण घालून भांडं झाकून ठेवलं की त्यातले जीवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करू लागतात आणि आम्लाने दुधातलं प्रथिन साकळतं. मेमध्ये वऱ्हाडात पारा चव्वेचाळिसाला टेकतो तेव्हा चार-पाच तासांत दही लागतं आणि दुपारपर्यंत आंबटढाण होतं. जानेवारीत तेच भांडं कणकेच्या डब्यात किंवा चुलीच्या उबेला ठेवावं लागतं. हे विरजण कालच्या दह्यातून आलेलं, ते परवाच्या, क्वचित शेजारणीकडून मागून आणलेलं. त्यात कुठल्या जाती किती, हे घराघरात, ऋतूऋतूत बदलतं. साधारणपणे त्यात दर मिलिलिटरमागे कोटींच्या घरात जिवंत जीवाणू निघतात, म्हणजे संख्येत ते गरीब मुळीच नाही.

तरीही त्याला नियमांच्या भाषेत प्रोबायोटिक म्हणता येत नाही. अन्न आणि शेती संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००१ मधल्या व्याख्येनुसार जिवंत असणं, पुरेशा संख्येने असणं आणि त्यातून आरोग्याला फायदा सिद्ध झालेला असणं या तिन्ही अटी लागतात. शिवाय फायदा वाणागणिक वेगळा. एकाच जातीतला एक वाण उपयोगी आणि दुसरा निरुपयोगी असू शकतो. भारतात २०११ मध्ये आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थाच्या रोजच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जीवाणू हवेत. पाकिटावर वाणाचं पूर्ण नाव नसेल, नुसतंच ‘गुड बॅक्टेरिया’ लिहिलेलं असेल, तर ते पाकीट परत ठेवावं. दह्यातल्या बऱ्याचशा जीवाणूंचा जठरातल्या आम्लात निकाल लागतो, काही तगतात, तगलेलेही आतड्यात कायमचे घर करत नाहीत, पाहुण्यासारखे दोन-चार दिवस राहून निघून जातात. म्हणून एखाद्या दिवशी खाल्लेल्याला अर्थ नाही. रोजचं असेल तरच काही.

बाटलीतल्या जीवाणूंची आणखी एक गंमत अशी की ते थंडाव्यात राहायला हवेत, साधारण दहा अंशांखाली. वऱ्हाडातला उन्हाळा, भारनियमन, आणि मागच्या कोपऱ्यात कोल्ड्रिंकशेजारी ठेवलेली बाटली. त्यातले साडेसहाशे कोटी विकले जाताना किती जिवंत असतील, हा विचार गिऱ्हाइकाने करायला हरकत नाही. विरजण लावलेल्या ताज्या दह्याला हा प्रश्न पडत नाही.

माझं मत असं की मंगरूळपीरच्या पोराच्या पोटाचा खरा प्रश्न दह्यापाशी नाही, ताटापाशी आहे. आतड्यातले जीवाणू जगतात ते आपण न पचवलेल्या तंतूंवर. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा, वाटीभर ताक हे ताट त्यांच्यासाठी पंगतच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यांतल्या जीवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलं. भोपाळच्या संशोधकांनी २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळच्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा धान्य-डाळींवर जगणाऱ्या भोपाळच्या गटात प्रीव्होटेला नावाच्या तंतू पचवणाऱ्या जीवाणूंचं राज्य दिसलं. आपली वस्ती पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी आहे, तेव्हा फ्लोरिडात किंवा तोकुशिमात चाललेलं इथे तसंच चालेल असं गृहीत धरता येत नाही.

हे ताट मोडतंय. वाशीम जिल्ह्याच्या शिवारात ज्वारी मागे सरली आणि सोयाबीन पसरलं, कारण हिशेब तसा बसतो. जपानी माणूस याच सोयाबीनला आंबवून नात्तो करतो आणि सकाळी भातावर घेऊन खातो. आपलं सोयाबीन पोत्यांतून मोंढ्यावर आणि तिथून तेलाच्या गिरणीत जातं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील अजून होते, एरवी ती कुणाच्या लक्षात असते? दहावीपर्यंत पोरगं निदान घरचं खातं. अकरावीला त्याला अकोल्याला, अमरावतीला, लातूरला नेऊन ठेवतात, एखाद्याला थेट कोट्याला. खोली, क्लास, अभ्यासिका आणि मेसचा डबा. डब्यात मैद्याकडे झुकलेल्या पोळ्या, बटाटा, पातळ वरण. रात्री जागण्यासाठी चहा आणि कुरकुरीत पाकिटं. मग ॲसिडिटी, मग मेडिकलमधून विचारून आणलेली गॅसची गोळी, आणि ती महिनोन्‌महिने. आम्ल दाबणाऱ्या या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर आतड्यातली वस्ती बदलते, हे युरोपातल्या मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेण्याची सवय त्यात भर घालते. एका हाताने वस्ती उजाड करायची आणि दुसऱ्या हाताने बाटलीतून पाहुणे आणायचे, असा हा उलटा कारभार.

कॉर्कच्याच गटाने २०२२ मध्ये गोळी-बाटली बाजूला ठेवून आहारच तपासला. निरोगी प्रौढांतल्या एका गटाला चार आठवडे भरपूर भाज्या-फळं, अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं आणि रोज दोन-तीन वाट्या आंबवलेले पदार्थ खायला सांगितले. त्यांना वाटणारा ताण सुमारे ३२ टक्क्यांनी उतरला. नेहमीचं खाऊन फक्त सल्ला मिळालेल्या गटातही तो १७ टक्क्यांनी उतरला, कारण कुणीतरी आपली विचारपूस करतंय यानेच माणसाला बरं वाटतं. ज्यांनी आहार जास्त काटेकोर पाळला, त्यांच्यात घट जास्त होती. माणसं मोजकी होती आणि काय खातोय हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे यावरही फार उड्या मारू नयेत. पण त्या आहाराची यादी वाचताना हसू येतं. आयर्लंडात ती शिकवावी लागते. वऱ्हाडातल्या आजीला ती पाठ आहे.

तेव्हा लातूरला पोरगं ठेवणाऱ्या बापाने क्लासच्या निकालाच्या फ्लेक्सबरोबर मेसचं स्वयंपाकघरही एकदा आत जाऊन पाहावं. डब्यात आठवड्यातून चार दिवस भाकरी, रोज एक पालेभाजी किंवा उसळ, आणि दुपारच्या जेवणाबरोबर ताक, एवढं मेसवाल्याशी ठरवून घेता येतं. पेपरच्या सकाळी तेलकट, मसालेदार आणि नवीन काही नको. नेहमीचंच, थोडं, आणि निघण्याच्या दीड-दोन तास आधी. ज्याला दूध सोसत नाही त्याला केवळ शुभ म्हणून दही भरवू नये. आणि पेपर संपल्यावरही पोट बिघडलेलंच राहिलं, वजन उतरत राहिलं, शौचातून रक्त गेलं, तर ते ताणाच्या खात्यावर न टाकता डॉक्टरांकडे जावं.

पोटाची काळजी घेऊन जे साधत नाही त्याबद्दलही बोलायला हवं. २०२४ मध्ये नीटसाठी देशभरातून सुमारे चोवीस लाख मुलांनी नोंदणी केली होती. ही परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी दोन वाजता सुरू होते आणि दीड वाजता केंद्राचं दार बंद होतं. वाशीम-अकोल्याच्या उन्हात बारापासून रांगेत उभं राहिलेल्या पोराच्या कॉर्टिसॉलला एकट्या व्यवस्थेनेच पुरेसं काम दिलेलं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यात १,७६४ आत्महत्यांसह महाराष्ट्र पहिला आहे. कोट्याकडे बोट दाखवताना हे आपण सोयीने विसरतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं म्हटलं आहे, आणि त्यात क्लासेसही आले. ज्या पोराची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जे जेवत नाही, बोलत नाही, मरणाची भाषा करतं, त्याला ताक-दह्याचे सल्ले देत बसू नये. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

राहिला प्रयोग. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यातलं पोरगं जिल्ह्यातच डॉक्टर होऊ शकेल ही मोठीच गोष्ट. शिवाय परीक्षेचा ताण आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आल्या आहेत. तोकुशिमासारखा प्रयोग तिथे करता येईल: डिसेंबरात सुरुवात करून फेब्रुवारीपर्यंत आठ आठवडे. एका गटाला एकाच ठरलेल्या विरजणाचं ताक, दुसऱ्याला तेच ताक उकळून जीवाणू मारून, गार करून दिलेलं. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायला आता फार खर्च येत नाही. चिंतेची प्रश्नावली मराठीत हवी, आणि ती पुण्याच्या मराठीतच हवी असं नाही.

अडचण एकच, पण भारी. ताक उकळलं की फुटतं, आणि फुटलेलं ताक वऱ्हाडातल्या पोराला ताक म्हणून पाजता येत नाही. पहिल्याच घोटाला आपण कुठल्या गटात आहोत ते त्याला कळेल. बेसन लावून उकळलं तर फुटत नाही, पण मग ती कढी झाली. आणि समजा यावर तोड काढलीच, पोरांना सक्त ताकीद दिली की आठ आठवडे बाहेरचं दही-ताक बंद, तरी शनिवारी गावी गेलेल्या पोराला ‘कॉलेजवाल्यायनं मनाई केली’ म्हणून त्याची आई ताकाशिवाय जेवू देईल, हे ज्या संशोधकाला पटतं त्याने आधी मंगरूळपीरला येऊन दोन दिवस राहावं.